पहिलं नको

शेवटच्या मेलच्या यादीत ताई होती. सकाळचा चहा हातात धरून तो यादी वरून खाली वाचत चालला होता, रोजच्यासारखा, अर्धंमुर्धं लक्ष ठेवून: मासळीचा व्यापारी, दोन फळवाले, एक हॉटेल, औषधांचं गोदाम, आणि त्या गोदामाच्या खाली, नावाच्या रकान्यात, नुसतं ‘ताई’. कंपनीचा रकाना रिकामा. गरजेचा रकाना रिकामा. शेवटच्या रकान्यात मात्र सगळ्यांच्या पुढे होतं तेच तिच्याही पुढे होतं: प्रतिसाद नाही. त्याला आधी वाटलं, असेल कुणी गिऱ्हाईक, लोक काय वाटेल त्या नावाने दर मागवतात. मग त्याने पत्ता पाहिला. तो पत्ता त्यानेच तिला उघडून दिला होता, ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानात संगणक आला तेव्हा. आणि आपल्याकडे जतन करताना पुढे ‘ताई’ एवढंच लिहिलं होतं, कारण ताई म्हटल्यावर आणखी काही लिहायची गरज त्याला कधी वाटली नव्हती.

तो दारं विकत असे. घरांची नव्हे, शीतगृहांची; हातभर जाड, पोटात फेस भरलेली, लागताना आपटत नाहीत, नुसता सुस्कारा टाकतात अशी दारं. विकत असे म्हणजे, तो लिहीत असे. लोक एकदा मोठ्या उत्साहाने दर मागवायचे, मापं कळवायचे, दोनदोनदा फोन करायचे आणि मग जी तोंडात मिठाची गुळणी धरायचे ती सोडायचंच नाव नाही. त्यांना बोलतं करणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हातखंडा होता. ‘सहज आठवण करून देतो’ असं लिहिणाऱ्या नवख्यांना तो शेजारी बसवून ती ओळ खोडायला लावी. रिकाम्या हाताने आठवण करून द्यायला जाऊ नये, तो सांगे. दर वेळी काहीतरी नवं घेऊन जायचं, आणि विचारायचं ते एकच, माणसाला उभ्या उभ्या उत्तर देता येईल असं. पहिल्याच ‘नको’ला उठून यायचं नाही. आणि गप्प बसलेला माणूस रागावलेला असतो असं धरून चालू नका. पहिल्यांदा उत्तर द्यायचं राहून जातं, मग उशीर होतो, मग उशीर झाल्याची लाज वाटते, आणि त्या लाजेपायी तो गप्प राहतो. त्याला लाज न वाटता परत येता आलं पाहिजे. हे सगळं तो इतकं समजावून सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्याच्या घरात कुणी कुणाशी अबोला धरतच नसेल.

ताई त्या यादीत गेली कशी, हे कळायला वेळ लागला नाही. मागे एका दुपारी कुणीतरी गिऱ्हाईक फोनवर ‘नको हो, कशाला’ असं म्हणालं होतं, अगदी तिच्या सुरात, शेवटचं ‘ला’ जरा खाली सोडत. फोन ठेवल्यावर त्याला काही सुचेना, आणि समोर ऑफिसची मेल उघडी होती, म्हणून त्याने त्यावरूनच तिला लिहिलं: ताई, कशी आहेस? बरेच दिवस झाले. सहज आठवण आली. ज्या ओळीसाठी तो इतरांचे कान धरायचा तीच ओळ. उत्तर आलं नाही. एकदा विचारलं, उत्तर नाही, विषय संपला, असं त्याने मनाशी म्हटलं आणि कामाला लागला. पण ऑफिसात नवी सिस्टिम आली होती. ऑफिसच्या पत्त्यावरून गेलेल्या ज्या मेलला काही दिवसांत उत्तर यायचं नाही, ती मेल ही सिस्टिम आपणहून उचलायची, समोरच्याला गप्प गिऱ्हाइकांत टाकायची आणि पुढच्या मेल ठरल्या वेळी सोडत राहायची. शब्द सगळे त्याचेच. चारही मेलचा मजकूर त्यानेच बसून, घासून पुसून लिहिला होता. सिस्टिम नुसतं वर नाव घालायची.

त्याने एकेक उघडून वाचली. ‘नमस्कार ताई,’ पहिली म्हणत होती, ‘माझी मागची मेल आपल्या नजरेतून निसटली असेल, कामाच्या गर्दीत असं होतं. आपल्याकडे एकूण दारं किती, आणि त्यातली नीट लागत नाहीत अशी किती, एवढंच कळवलंत तरी पुरे.’ आपल्याकडे! ज्या बहिणीला त्याने आयुष्यात अरेतुरेशिवाय हाक मारली नव्हती, जिच्या वेणीला दोरी बांधून घोडा घोडा खेळला होता, तिला सिस्टिम अहोजाहो करत होती. दुसरीत एका तक्त्यातून समजावलं होतं की दारात बोटभर फट राहिली तर वर्षभरात केवढा गारवा वाया जातो. आणि तिसरी, त्याची स्वतःची आवडती, छोटीशी: ‘नमस्कार ताई, येत्या आठवड्यात मी आपल्या भागात येणार आहे. दहा मिनिटं भेटता येईल का?’ ही वाचताना त्याच्या मानेवर गरम काहीतरी चढत गेलं. प्रत्येक मेलपुढे डोळ्याचं एक चिन्ह होतं. समोरच्याने मेल उघडली की ते निळं व्हायचं, आणि किती वेळा उघडली तेही दिसायचं. तिन्ही डोळे निळे होते. तिसरी मेल तिने पुन्हा पुन्हा उघडली होती. आज सकाळीही उघडली होती, दुकानाला जायच्या वेळेला. म्हणजे त्या ‘येत्या आठवड्या’ची वाट बघून झाली होती. दिवाणखाना आवरला असेल तिने, खुर्चीवरचे कपडे आत नेऊन ठेवले असतील, दारावरची घंटा वाजते की नाही हे एकदा स्वतःच बाहेर जाऊन दाबून पाहिलं असेल. ती असंच करते. आणि आठवडा गेला, आणि कुणी आलं नाही.

चौथी मेल आज चार वाजता सुटणार होती. यादीतल्या सगळ्यांना एकदम. ती त्याची खरी करामत. आधीच्या तिन्हीला ढिम्म न हलणारी माणसं हिला हमखास उत्तर द्यायची, कारण तिच्यात तो काहीच मागायचा नाही. ‘आपल्याला सध्या याची गरज नाही असं मी समजतो,’ असं तो लिहायचा. ‘आपलं नाव माझ्या यादीतून काढतो आहे. यापुढे त्रास देणार नाही.’ बस. विचारून विचारून जे गप्प राहतात ते ‘आता विचारणार नाही’ म्हटल्यावर धावत येतात, हे त्याला, बाकीच्या युक्त्यांसारखं, बाबांकडून कळलेलं नव्हतं. ते त्याने स्वतः शोधून काढलं होतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. आता त्याने ती मेल वर ‘नमस्कार ताई’ घालून मनात वाचली आणि खुर्ची करकन मागे ढकलली.

‘काय झालं? गिऱ्हाईक गेलं का?’ समोरच्या टेबलावरून हिशेबनीस बाईंनी विचारलं. त्या चष्म्याच्या वरून बघत, आणि त्यांना कुणाचं काही बिनसलं की ते लगेच कळे.

‘नाही,’ तो म्हणाला. ‘आहे. वाचतंय. बोलत नाही.’

‘मग तुमचंच काम आहे की ते,’ असं म्हणून त्या परत बिलांमध्ये घुसल्या. त्यांचं खरंच होतं. नावापुढे ‘वगळा’ असं एक बटण होतं. ते दाबलं की मेल जाणार नाही, यादी साफ, आणि जगात कुणाला काही कळणार नाही. त्याने बाण त्या बटणावर नेऊन ठेवला. पण मग काय? तिच्याकडे तीन मेल पोचल्याच होत्या. तिच्या बाजूने पाहिलं तर भावाने आधी कशी आहेस विचारलं, मग काहीतरी दारांचं बोलला, मग येतो म्हणाला, आणि मग गप्प झाला. तिला तो आणखी एकदा घुम्या झालेला दिसला असता. आणि शिवाय ‘ताई’ या शब्दापुढे ‘वगळा’ दाबायला बोटच पुढे होईना. फोन करावा तर फोनचं त्यांचं केव्हाच बिनसलं होतं. दोघंही तब्येतीचं विचारून होईपर्यंत ठीक असत, मग एकजण म्हणे ‘बाकी?’ आणि दुसरा म्हणे ‘बाकी काय नाही, तू सांग’, आणि त्या ‘तू सांग’वर येऊन सगळं अडायचं. पलीकडे तिच्या स्वयंपाकघरातला नळ ऐकू यायचा. शेवटचा फोन कुणी केला होता तेही आता आठवत नव्हतं.

घुम्या हे नाव तिनेच ठेवलेलं. त्याला काही हवं असलं की तो एकदा मागायचा, अगदी हळू, आणि नाही म्हटलं की एक शब्द न बोलता पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायचा. टाकीच्या मागे ओल असायची, शेवाळाचा वास असायचा, आणि भिंतीला पाठ लावली की सदरा भिजायचा. असाच एकदा तो तिच्या सायकलवर मागे बसू का विचारायला गेला होता. ती म्हणाली, नको. तो गेला टाकीमागे. दुपार उलटली, सावली सरकत त्याच्या पायांवरून पुढे गेली, आणि मग ताई आली, सायकल हातात धरून, वैतागलेली. ‘अरे, परत विचारायचं ना,’ ती म्हणाली. ‘मी काय पहिल्याच वेळी हो म्हणणार होय?’ त्याला ते त्या वयात काही कळलं नाही. मागे बसायला मिळालं एवढं कळलं. तिच्या पाठीला कान लावला की ती चढावर कशी धापा टाकते ते आतून ऐकू यायचं, आणि तो आवाज त्याला अजून, आत्ता, या टेबलाशी बसून, ऐकू आला असता.

ताईचं पहिलं नको कधी मोजायचंच नसायचं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. आणखी थोडं वाढू का, नको. नवीन चपला घेऊ या, नको, कशाला. ताप आहे, डॉक्टरकडे जाऊ, नको. आई तर तिला विचारायचीच नाही, सरळ ताटात वाढायची. बाबा विचारायचे, तीनतीनदा, आणि प्रत्येक वेळी निराळं कारण काढून. चपला नको? बरं. मग जाता जाता म्हणायचे, दुकानदार ओळखीचा आहे, बघून तरी येऊ. तेही नको? मग म्हणायचे, मला एकट्याला जायचा कंटाळा आलाय, सोबत चल. ह्यावर ती ‘चला’ म्हणायची आणि तिच्या चेहऱ्यावर अशी काही सुटका दिसायची, जणू बराच वेळ ती कुणीतरी आपल्याला हात धरून बाहेर काढेल म्हणून आत उभी होती. बाबांनी हे गिऱ्हाइकांवर शिकून घेतलं होतं की ताईवर शिकून गिऱ्हाइकांवर वापरलं, हे त्याला कधी ठरवता आलं नाही.

बाबा वजनकाटे विकायचे. दुकानांना लागतात ते, पितळी पारड्यांचे, आणि मग पुढे स्प्रिंगचे, घड्याळासारखा काटा फिरणारे. हा धंदा म्हणजे हट्टाचाच, कारण आपला काटा खराब झालाय असं कुठल्याच दुकानदाराला वाटत नाही. दुकानदार ‘बघू’ म्हणायचा, आणि ‘बघू’ म्हणजे किती दिवस ते कुणी सांगत नाही. परत जायचं तर कारण हवं. म्हणून बाबा छत्री विसरायचे. ऊन असो, थंडी असो, त्यांच्या हातात काळी छत्री असायचीच, लाकडी मुठीची, आणि बोलणं संपवून निघताना ती नेमकी गल्ल्याशेजारी टेकलेली राहायची. दोन दिवसांनी ते जायचे. ‘माझी छत्री राहिली वाटतं,’ असं म्हणायचे, इतकं खरं तोंड करून की दुकानदारालाच वाईट वाटायचं, आणि मग बसा, चहा घ्या, असं होता होता काट्याचा विषय निघायचा. घरात हे दोघां भावंडांना माहीत होतं आणि ते माहीत असण्याची मोठी ऐट होती. संध्याकाळी बाबा रिकाम्या हाताने जिन्यात दिसले की ताई त्याला चिमटा काढायची, म्हणजे आज कुणीतरी गळाला लागलंय. पण कधी कधी एखादा सज्जन दुकानदार नोकराच्या हाती छत्री घरी पोचवायचा, वर निरोप, साहेब विसरले होते. तसं झालं की बाबा छत्री कोपऱ्यात ठेवायचे आणि बूट न काढता तसेच बसून राहायचे. ‘छत्री घरी आली की समजायचं,’ ते म्हणायचे, ‘त्याला आपण परत यायला नको आहोत.’

एकदा अशीच छत्री घरी आली. मोठं दुकान होतं, बाबांनी त्या एका दुकानावर बरीच मदार ठेवली होती. रात्री ते धड जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ताई, दोन वेण्यांची ताई, दप्तर पाठीला, छत्री बगलेत, त्या दुकानात शिरली. तिने सुईचं पाकीट मागितलं, भाव विचारला, महाग आहे म्हणाली, आणि छत्री गल्ल्याशेजारी टेकवून निघून आली. तो रस्त्यापलीकडे उभा राहून बघत होता. त्याला तिथून पळून जावंसं वाटत होतं, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. बाबा दोन दिवसांनी गेले तेव्हा दुकानदार इतका हसला की त्याला खोकला आला. मुलगी धाडलीत म्हणाला, आता मी काय बोलणार. आणि काटा घेतला. बाहेर कुठेतरी कुणीतरी लोखंडी शटर वर ढकललं. एवढ्या जुन्या दिवसांतली छत्रीच तेवढी स्पष्ट दिसत होती, तिची गुळगुळीत मूठ, मुठीजवळ बाबांच्या अंगठ्याने पडलेला उजळ डाग, दुमडलेल्या काड्यांतून येणारा धुळीचा आणि तंबाखूचा वास. आणि त्याला हेवा वाटला, कुणाचा ते कळेना, बहुतेक रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या त्या मुलाचा.

त्याने नवी मेल उघडली. स्वतःच्याच नियमाने लिहायचं ठरवलं. काहीतरी नवं घेऊन जायचं, तर काय घेऊन जायचं? ‘ताई, मुलीला नोकरी लागली’ असं लिहिलं. खोडलं, ही बातमी झाली, आणि बातमी इतके दिवस का कळवली नाही हा प्रश्न तिच्या मागोमाग आला असता. ‘ताई, तुझा राग आहे का?’ असं लिहिलं आणि तेही खोडलं, कारण त्याला उभ्या उभ्या देता येईल असं उत्तर नाही. ‘मागच्या मेल चुकून गेल्या, माफ कर’ हे तर सगळ्यांत वाईट. चुकून गेल्या म्हटलं की ती म्हणणार, म्हणजे येणारही नव्हतासच. त्याला रागही येऊ लागला. बाबा गेल्यावर त्याने विचारलं नव्हतं का? विचारलं होतं. तेव्हा ताई त्याच्याकडे दोन दिवस राहायला आली होती. तिचं म्हणून असं मागे कुणीच उरलं नव्हतं. लग्न केलं नाही, आई आधीच गेलेली, बाबांचं शेवटचं सगळं तिनेच केलं, आणि आता त्या घरात ती आणि तो नळ. जायच्या आदल्या संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून कप विसळत होती. तो दारात उभा राहून म्हणाला, ताई, तू इकडेच ये राहायला, वरची खोली रिकामीच आहे. त्याने ते मनापासून म्हटलं होतं, दोन दिवस मनात जुळवून. ती वळलीही नाही. ‘नको रे,’ म्हणाली. ‘कशाला.’ आणि तो ‘बरं’ म्हणाला. ‘बरं’ म्हणून तो बाहेर येऊन बसला. आता घरात टाकी नव्हती, नाहीतर तिच्या मागेच गेला असता.

त्यानंतर काय, तर सकाळी तो तिला बसवर सोडून आला. आला तर दारामागच्या खुंटीला छत्री. बाबांची. वस्तू वाटून घेतल्या तेव्हा वजनांचा पितळी डबा त्याने घेतला होता आणि छत्री तिने. बाकी कशात दोघांनाही रस नव्हता. बायको म्हणाली, राहू दे की, येतील तेव्हा नेतील. पण त्याला ती छत्री नजरेसमोर नको होती. तिला नसेल यायचं तर तिची वस्तू तरी इथे कशाला, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं, आणि वर त्याला असंही वाटत होतं की आपण शहाण्यासारखं वागतोय, तिला चुटपुट लागली असेल, बाबांची आठवण आहे. त्याने लांब खोकं शोधलं, छत्री कागदात गुंडाळली, आणि त्याच दुपारी कुरिअरने पाठवून दिली. कधी पोचेल तेही विचारून घेतलं. पोचल्यावर तिचा फोन आला. ‘मिळाली,’ एवढंच म्हणाली. तो म्हणाला, विसरली होतीस.

त्याची बोटं कीबोर्डवर होती ती तिथेच राहिली. ताई विसरत नाही. ताई जन्मात कधी कुठे काही विसरली नाही. शाळेत रुमालसुद्धा नाही, बसमध्ये डबा नाही. जी पोर सुईचा भाव विचारून छत्री ठेवून आली, ती बाबांची छत्री खुंटीवर विसरून जाईल? ती ठेवून गेली होती. तिला परत यायचं होतं. ‘नको’ म्हणून झाल्यावर, तो ‘बरं’ म्हणून बाहेर जाऊन बसल्यावर, सकाळी चपला घालता घालता तिने ती खुंटीला अडकवली असेल, मूठ भिंतीकडे करून, आणि मनाशी म्हटलं असेल, कळेल ह्याला. बाबांच्या पोटी जन्मलेल्या माणसाला तरी कळेल. आणि त्याने ती खोक्यात घालून, चिकटपट्टी लावून, घरी पोचवली. छत्री घरी आली की समजायचं. ते तिने समजून घेतलं. सहा वर्षं ती तेच समजून बसली होती.

त्याला एकाएकी धाप लागली, बसल्या जागी, चढावर सायकल मारल्यासारखी. तो उठला आणि जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या पडलेल्या नमुन्यांच्या खोलीत गेला. तिथे गिऱ्हाइकांना दाखवायला एक दार उभं केलेलं होतं, चौकटीसकट, मागे काही नाही, पुढे काही नाही. त्याने ते उगीच उघडलं आणि लावलं. रबराच्या कडांनी सुस्कारा टाकला. तुझ्याकडे किती दारं नीट लागत नाहीत, असं त्याने तिला विचारलं होतं, आणि ती बिचारी वाचत बसली असेल, पुन्हा पुन्हा, ह्याला म्हणायचंय काय. अहोजाहो का करतोय. रागाने करतोय की गमतीने. तिसऱ्या मेलला तिला वाटलं असेल, बाबांचा मुलगा, आता कुठे सूर सापडला: निराळं कारण काढून, तिसऱ्यांदा विचारतोय. तिच्या आयुष्यात त्याने पहिल्यांदाच एवढ्या वेळा विचारलं होतं, आणि तेही त्याने नाही, सिस्टिमने. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खालून, काय सांगावं, थोडा आनंदही वाटला, कारण ती वाचत होती. राग असता तर ती एकदा वाचून थांबली असती. तो दाराला पाठ लावून उभा राहिला. दार गार होतं आणि टाकीमागच्या भिंतीसारखं ओलं मात्र नव्हतं.

परत येऊन त्याने तिच्या नावापुढे ‘वगळा’ दाबलं. ह्या खेपेला बोट अडलं नाही. मग त्याने लिहिलं, न थांबता, आणि नियमांपैकी एकच पाळला, शेवटी एकच प्रश्न. ‘ताई, दारांच्या त्या मेल मी पाठवल्या नव्हत्या, मशीनने पाठवल्या. शब्द माझे होते. तू वाचत होतीस ते मला आज कळलं. छत्री मी परत पाठवायला नको होती. तू विसरली नव्हतीस, हे मला कळायला इतकी वर्षं लागली. वरची खोली अजून रिकामी आहे. येतेस का राहायला?’ खाली नाव लिहिताना तो थांबला. ऑफिसची सही आपोआप येत होती, हुद्द्यासकट. ती त्याने पुसली आणि ‘घुम्या’ असं लिहिलं. पाठवली. डोळ्याचं चिन्ह करडं होतं. करडंच राहिलं.

दुपार सरेना. हिशेबनीस बाईंनी दोनदा मान वर करून पाहिलं आणि दोन्ही वेळा काही विचारलं नाही, हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं. चार वाजले तशी बाकीची यादी सुटली आणि ठरल्याप्रमाणे उत्तरं येऊ लागली. मासळीवाला म्हणत होता, अहो असं कसं, नाव काढू नका, घरात आजारपण होतं, पुढच्या महिन्यात नक्की. एका फळवाल्याने सरळ मापंच पाठवली. एरवी त्याने ही उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली असती. आज त्याला त्या लोकांची माया वाटली, सगळ्यांचीच, उशीर झाला म्हणून लाजून बसलेल्या त्या सगळ्यांची. चष्म्याच्या दुकानात ह्या वेळी गर्दी असते, तो मनाशी म्हणाला. ती कुणाच्या तरी नाकावर चौकट बसवत असेल, मान तिरपी करून, एक डोळा मिटून. मग त्याने पाहिलं तर डोळा निळा झाला होता. केव्हा झाला ते त्याला कळलं नव्हतं. तो खुर्चीत पुढे सरकून बसला आणि त्या निळ्या चिन्हाकडे बघत राहिला, आणि बघता बघता तिची मेल आली. वर काही नाही, खाली काही नाही.

‘नको रे. कशाला.’

तो हसला. आधी नुसता, मग आवाज करून, आणि मग डोळे भरून आल्यामुळे त्याला पडदा दिसेना. शेवटचं ‘ला’ तिने कसं खाली सोडलं असेल ते त्याला ऐकू आलं. किती वर्षांनी कुणीतरी त्याला असं नको म्हटलं होतं.

‘आलं वाटतं उत्तर,’ हिशेबनीस बाई म्हणाल्या. आता त्यांना राहवेना. ‘काय म्हणतंय गिऱ्हाईक?’

‘नको म्हणतंय.’

‘आणि तुम्ही हसताय?’

तो लिहीत होता. ‘ताई, परवा मी तुझ्या भागात येतोय. दहा मिनिटं भेटशील का?’ जवळजवळ तेच शब्द, त्याची आवडती ओळ, फक्त अहोजाहो काढलेली, आणि ह्या वेळी खरी. पाठवून झाल्यावर तो उठला, खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला आणि बाईंच्या टेबलाशी थांबून त्याने विचारलं, इथे जवळपास छत्र्या कुठे मिळतात. बाईंनी चष्म्याच्या वरून आधी त्याच्याकडे आणि मग खिडकीकडे पाहिलं.

‘बाहेर रखरखीत ऊन आहे,’ त्या म्हणाल्या. ‘छत्री कशाला हवी आत्ता?’

‘एका ठिकाणी विसरून यायची आहे,’ तो म्हणाला.